वणव्याचा पैसा गवत हिरवं असतानाच मागायचा: गावासाठी सविस्तर मार्गदर्शन

मार्चमधली रात्र. साडेआठच्या सुमारास आमच्या गावामागच्या डोंगरसोंडेवर लाल रेघ दिसली आणि पंधरा मिनिटांत अख्खा माळ पेटला. आम्ही अकरा जण जांभळीच्या ओल्या डहाळ्या तोडून वर गेलो. वनरक्षक आधीच पोहोचला होता, पाठीवर ब्लोअर (जोराच्या हवेनं पाचोळा उडवून आगीची वाट तोडणारं यंत्र), घामानं निथळत. वनविभागाच्या आमच्या परिक्षेत्रात चालू स्थितीतले ब्लोअर दोनच, आणि दुसरा पलीकडच्या खोऱ्यातल्या आगीवर गेलेला. पहाटे तीनला आग विझली. खरं सांगायचं तर आम्ही ती विझवली नाही, कातळकड्यापाशी तिला जाळायला काही उरलं नाही म्हणून ती थांबली. उजाडल्यावर उतरताना राखेत तित्तराची तडकलेली अंडी दिसली, सहा होती.

दुसऱ्या दिवशी पारावर एकच प्रश्न होता: सरकार यासाठी पैसा देत नाही का? त्या प्रश्नामागे मी दोन वर्षं लागलो. उत्तर असं की पैसा असतो, एका नव्हे चार-पाच खिशांत असतो. पण तो कुठं खर्च करायचा हे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ठरतं आणि गाव जागं होतं मार्चमध्ये. त्या दोन वर्षांत जे कळलं ते इथं क्रमानं मांडतो आहे. वनव्यवस्थापन समितीचे सदस्य, सरपंच, ग्रामसभेत तळमळीनं बोलणारी पण कागद कुठं द्यायचा ते माहीत नसलेली तरुण मुलं, यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी एक अडचण समजून घ्या

महाराष्ट्रात वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो. सरकारचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणजे ऐन हंगामात. ३१ मार्चला जुन्या वर्षाचं अनुदान संपतं आणि नव्या वर्षाचं खालच्या कार्यालयापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. नेमक्या त्याच दिवसांत, एप्रिलच्या उन्हात, डोंगर सर्वांत जास्त जळतात. फायर वॉचरची, म्हणजे आगीवर नजर ठेवणाऱ्या राखणदाराची, मजुरी रखडते ती बहुधा याच काळात. मजुरी रखडली की माणूस दुसऱ्या कामाला जातो, आणि जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) असूनही राखणीला कोणी उरत नाही.

म्हणून गावाचा प्रस्ताव कायम दोन भागांत लिहा: १५ फेब्रुवारी ते ३१ मार्च आणि १ एप्रिल ते १५ जून. या एका गोष्टीनं आमचं निम्मं काम सोपं झालं. पहिला भाग ४५ दिवसांचा होतो, दुसरा ७६ दिवसांचा, एकूण १२१ दिवस. चार राखणदार धरले तर १८० आणि ३०४ मनुष्यदिवस. हा हिशोब कागदावर दिसला की अधिकाऱ्यालाही दोन वर्षांच्या अनुदानात त्याची सोय करता येते.

पायरी पहिली: जळणारी जमीन कोणाची?

डोंगराकडं बोट दाखवून ‘जंगल’ म्हणणं सोपं आहे. निधीच्या दृष्टीनं मात्र त्याच डोंगरावर चार मालक असू शकतात. राखीव किंवा संरक्षित वन असेल तर ते वनविभागाकडं. काही जंगल १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाच्या ताब्यात आहे, त्याचा कारभार वेगळा चालतो. गायरान महसूल खात्याचं किंवा ग्रामपंचायतीचं. मालकी शेतातलं गवत तर ज्याचं त्याचं. त्याशिवाय २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेलं क्षेत्र असेल, तर त्याच्या राखणीचा आणि व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभेचा.

तलाठ्याकडून सातबारा आणि गटांचा नकाशा घ्या. वनरक्षकाकडून आपल्या नियतक्षेत्राचं (त्याच्या राखणीतल्या वनभागाचं) नाव आणि त्यातल्या तुकड्याचा कक्ष क्रमांक घ्या. प्रस्तावात ‘गावामागचा डोंगर’ असं लिहून चालत नाही, ‘कक्ष क्रमांक अमुक, क्षेत्र इतके हेक्टर’ असंच लिहावं लागतं. आमचा पहिला अर्ज एका कार्यालयातून ‘निधी उपलब्ध नाही’ अशा एका ओळीच्या शेऱ्यासह परत आला होता. नंतर समजलं की त्यावर कक्ष क्रमांकच नव्हता. तो कोणत्या शीर्षाखाली (खर्चाच्या सदराखाली) धरायचा हे कोणालाही ठरवता आलं नसतं. तरी तो शेरा वाचून त्या संध्याकाळी आम्हाला जे वाटलं ते विसरणं कठीण आहे. दहा-बारा जणांनी रोजगार बुडवून ठराव केला होता.

पायरी दुसरी: आग कुठून येते ते लिहून काढा

गावातल्या जाणत्या माणसांना आणि गुराख्यांना एकत्र बसवा, जमिनीवर खडूनं डोंगर काढा आणि विचारा: गेल्या पाच वर्षांत आग कुठं लागली, कोणत्या महिन्यात, कशी? आमच्याकडं तीन वाटा निघाल्या. शेतातला राब (भाताच्या रोपांसाठी पसरलेला पालापाचोळा) भाजताना बांधाबाहेर गेलेली आग, गवत जाळलं की पावसाळ्यात चांगलं उगवतं या समजुतीनं मुद्दाम लावलेली आग, आणि घाटरस्त्यावर गाडीतून फेकलेलं थोटूक. विदर्भात कारणं वेगळी निघतील. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवणं आणि तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून आग लावणं ही तिथली जुनी दुखणी आहेत. तेंदूची झुडपं आग न लावता छाटली तरी पालवी फुटते. मोहाखाली जुनं कापड किंवा जाळी अंथरली तर पाचोळा पेटवण्याची गरजच उरत नाही. कारण नेमकं लिहिलं तर उपायही नेमका सुचतो आणि त्याची किंमत कमी येते.

तोंडी माहितीला उपग्रहाचा आधार जोडा. भारतीय वन सर्वेक्षण ही केंद्राची संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगीच्या नोंदी ‘वनअग्नी’ या पोर्टलवर ठेवते. सामान्य नागरिकही तिथं मोबाइल क्रमांक नोंदवून आपल्या भागातल्या आगीचे संदेश मिळवू शकतो. नासाच्या ‘फर्म्स’ या संकेतस्थळावरही मागच्या वर्षांच्या नोंदी फुकट दिसतात. एक सावधगिरी मात्र ठेवा. तिथला एक ठिपका म्हणजे साधारण ३७५ मीटर लांब-रुंद चौकोन, काही उपग्रहांच्या बाबतीत एक किलोमीटरचा. ठिपका तुमच्या कक्षात दिसला म्हणजे आग तिथंच लागली असं ठामपणे म्हणू नका. आणि लहान, लवकर विझलेली आग उपग्रहाला दिसतही नाही. म्हणून तारखांची वही गावानं स्वतः ठेवायची: तारीख, वेळ, जागा, किती जण गेले, कधी विझली. आमची वही शंभर पानी आहे, दुकानात मिळते तसली. पुढं प्रत्येक बैठकीत तीच सर्वांत जास्त उपयोगी पडली.

पायरी तिसरी: काय हवं आणि किती

‘वणवा रोखण्यासाठी निधी द्यावा’ या वाक्यावर कोणी पैसा देत नाही. मागणी मोजता आली पाहिजे.

जाळरेषा सर्वांत आधी धरा. जाळरेषा म्हणजे गवत कापून, ते आपल्या देखरेखीखाली जाळून तयार केलेला मोकळा पट्टा. पुढं येणारी आग त्याच्यापाशी उपाशी मरते. रस्त्याच्या कडेनं, गावशेत आणि जंगल यांच्या सीमेवर, आणि डोंगराच्या धारेवर ती काढतात. फीत घेऊन किंवा मोबाइलच्या जीपीएसवर चालत जाऊन लांबी मोजा. चार किलोमीटर लांब आणि सहा मीटर रुंद पट्टा म्हणजे २४,००० चौरस मीटर, २.४ हेक्टर. याला दर कोणता लावायचा ते स्वतः ठरवू नका. वनविभागाचे मंजूर मजुरी दर असतात, ते वनपालाकडून घेऊन तेच धरा. आपण अंदाजानं जास्त आकडा लिहिला की सगळ्या प्रस्तावावर संशय येतो, कमी लिहिला की काम अर्धवट राहतं.

जाळरेषेचं वेळापत्रक गवताकडं बघून ठरतं. पट्ट्यातलं गवत अर्धं वाळलं की कापायचं, आणि आतल्या जंगलातलं गवत अजून ओलसर असताना, वारा पडलेला असताना, संध्याकाळी जाळायचं. १५ फेब्रुवारीच्या आत हे संपलं पाहिजे. उशीर झाला तर जाळरेषेचीच आग जंगलात शिरते, आणि मग गावाला दोष येतो. वनक्षेत्रात हे काम वनविभागाच्या परवानगीनं आणि त्यांच्या माणसासमोरच करायचं, कारण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे. चांगल्या हेतूनं लावली असं सांगून सुटका होत नाही.

त्यानंतर राखणदार, म्हणजे फायर वॉचर. मग साहित्य: ब्लोअर, त्याचं इंधन आणि दुरुस्ती, कोयते, पाण्याचे कॅन, विजेऱ्या, चामडी बूट, जाड सुती कपडे, प्रथमोपचार पेटी. दुरुस्तीचा खर्च वेगळा लिहा. बंद पडलेला ब्लोअर फडताळात ठेवलेला मी पाहिला आहे, त्याचा छोटासा भाग बदलायला पैसे नव्हते.

सुरक्षेच्या साहित्यावर कोणी कात्री लावू लागलं तर अडून बसा. एप्रिल २०२१ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर जळून मरण पावले. आपल्या गावचा मुलगा डोंगरावर जातो तेव्हा त्याच्या अंगात नायलॉनचा टीशर्ट आणि पायात स्लीपर असता कामा नये. आग चढावर फार वेगानं धावते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहायचं नाही, आणि जाण्याआधी परतायच्या दोन वाटा ठरवायच्या. विझवायला जाणाऱ्यांचा अपघात विमा हीदेखील मागणीतली एक ओळ असू द्या.

पायरी चौथी: कोणत्या खिशात हात घालायचा

पहिला खिसा वनविभागाचा स्वतःचा. राज्याच्या अर्थसंकल्पातून वनसंरक्षणासाठी येणारा पैसा उपवनसंरक्षकांमार्फत, म्हणजे विभागाच्या प्रमुख वनअधिकाऱ्यांमार्फत, परिक्षेत्रापर्यंत उतरतो. जाळरेषा कुठं काढायच्या हे त्या विभागाच्या कार्य आयोजनेत (जंगलाच्या कामांच्या दीर्घ आराखड्यात) लिहिलेलं असतं. आपली जागा तिथं नोंदलेली असेल तर मागणीला मोठं बळ येतं, म्हणून ते आधी विचारा.

दुसरा खिसा केंद्राचा. ‘वणवा प्रतिबंध आणि व्यवस्थापन’ ही केंद्रपुरस्कृत योजना २०१७-१८ पासून जुन्या वनव्यवस्थापन योजनेच्या जागी आली. महाराष्ट्रासारख्या राज्यात तिचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असतो. जाळरेषा, पाणीसाठे, टेहळणी मनोरे, साहित्य यांच्याबरोबर वणवा रोखणाऱ्या गावांना प्रोत्साहन देण्याचीही तिच्यात तरतूद आहे. गावांपर्यंत ही शेवटची गोष्ट फारशी पोहोचलेली नाही. ‘आमच्या कक्षात यंदा आग लागू दिली नाही, आमच्या समितीला प्रोत्साहन मिळावं’ असा अर्ज करता येतो, आणि त्याला पुरावा लागतो तो त्या शंभर पानी वहीचा.

तिसरा खिसा ‘कॅम्पा’चा, म्हणजे वनजमिनीच्या भरपाई निधीचा, आणि तो खोल आहे. धरण, खाण, रस्ता यांसाठी वनजमीन वळवली की प्रकल्पवाल्याला भरपाई भरावी लागते. २०१६ च्या कायद्यानं त्या पैशाचा ९० टक्के भाग राज्यांकडं येतो. त्यातली नक्त वर्तमान मूल्याची (गेलेल्या जंगलाच्या ठरवलेल्या किमतीची) रक्कम वन आणि वन्यजीव व्यवस्थापनावर खर्च करता येते, आणि २०१८ च्या नियमांत वणवा प्रतिबंधाचा त्यात समावेश आहे. मात्र राज्याचा वार्षिक आराखडा तयार होऊन तो वर मंजुरीला जातो, आणि ती तयारी डिसेंबरपर्यंत चालते. आराखड्यात नाव नसलं तर वर्षभर कोणालाही काही करता येत नाही. म्हणून परिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या टेबलावर आपला कागद ऑक्टोबरमध्ये हवा.

चौथा, जिल्हा नियोजन समिती. जिल्हा वार्षिक योजनेत वनांसाठी तरतूद असते, आणि इथं पालकमंत्री, आमदार, जिल्हाधिकारी यांचं म्हणणं चालतं. ब्लोअरसारखं साहित्य या वाटेनं लवकर मिळतं, असा माझा अनुभव आहे.

पुढचे खिसे जागेवर अवलंबून आहेत. तेरा जिल्ह्यांतल्या पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या) ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध (एकाच ठरावीक कामाला न बांधलेला) निधी थेट मिळतो. त्याच्या वापरात वनीकरण, वन्यजीव संवर्धन आणि जलसंधारण ही कामं बसतात, शिवाय निर्णय ग्रामसभेचा. व्याघ्र प्रकल्प आणि अभयारण्यांच्या आसपासच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना लागू होते, तिथं ग्राम परिस्थितिकीय विकास समितीनं मागणी करायची. चांगलं काम करणाऱ्या वनव्यवस्थापन समित्यांसाठी संत तुकाराम वनग्राम योजनेचे पुरस्कार आहेत. रोजगार हमीतून राखणदाराची मजुरी मिळेल अशी आशा धरू नका, ती टिकाऊ कामांसाठी आहे. पण सलग समतल चर, दगडी बांध, वनतळी तिच्यातून होऊ शकतात, आणि ओल टिकलेला उतार उशिरा वाळतो. ग्रामरोजगार सेवकाकडून सध्याच्या मंजूर कामांची यादी बघून ती गावाच्या आराखड्यात घाला.

आणखी एक दार अलीकडं उघडलं आहे. केंद्रानं आपत्ती सौम्यीकरणाच्या निधीतून वणव्यांसाठी १९ राज्यांतल्या १४४ जिल्ह्यांकरिता सुमारे ८१९ कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला आहे. आपला जिल्हा त्या यादीत आहे का, हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन विचारा. वणवा ही फक्त वनखात्याची नव्हे तर जिल्ह्याची आपत्ती आहे, हे तिथं एकदा नोंदलं गेलं की पुढच्या बैठकांना गावाला बोलावणं येतं.

पायरी पाचवी: ठराव आणि प्रस्ताव

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्या. ठरावात चारच गोष्टी: कोणता कक्ष, काय काम, कोण करणार, गाव स्वतः काय देणार. शेवटची गोष्ट गाळू नका. आमच्या गावानं दिलं ते असं: प्रत्येक वाडीतून दोन माणसांचं एक दिवसाचं श्रमदान आणि राब भाजण्याआधी समितीला कळवण्याचं बंधन. हे वाचून परिक्षेत्र अधिकारी पहिल्यांदा खुर्चीतून उठून नकाशापाशी आले.

प्रस्ताव दोन पानांपेक्षा मोठा नको. पहिल्या पानावर जागा, आगीचा इतिहास आणि नकाशा. दुसऱ्या पानावर कामांचा तक्ता: लांबी, क्षेत्र, मनुष्यदिवस, मंजूर दर, रक्कम, आणि त्या दोन भागांतलं वेळापत्रक. प्रत्येक कामासमोर कोणत्या योजनेतून मागतो आहोत तेही लिहा. एकच काम दोन योजनांत मागू नका, दोन्हीकडून कापलं जातं. अर्ज परिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे, प्रत उपवनसंरक्षकांना आणि ज्या योजनेला जिल्ह्याचा पैसा लागतो तिची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

आणि वनरक्षकाला आधी सांगा. त्याला वरून कळलं की गावानं परस्पर अर्ज केला, तर ते त्याला आपल्याविरुद्धची तक्रार वाटते. खरं तर या सगळ्यात सर्वांत जास्त धावणारा माणूस तोच असतो. आमचा अंदाजपत्रकाचा तक्ता त्यानंच तपासला आणि आमची एक मोठी चूक दाखवली. आम्ही घाटरस्त्याची फक्त एक बाजू मोजली होती.

डिसेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘आमच्या अमुक क्रमांकाच्या प्रस्तावावर काय कार्यवाही झाली’ आणि ‘चालू वर्षी या परिक्षेत्रात वणवा प्रतिबंधावर कोणत्या शीर्षाखाली किती खर्च झाला’ एवढंच विचारा. उत्तराची मुदत ३० दिवसांची. भांडणासाठी नव्हे, पुढच्या वर्षी कोणतं दार वाजवायचं ते कळण्यासाठी हा अर्ज करायचा.

पायरी सहावी: पैसा आल्यावर

समितीच्या खात्यात रक्कम आली तर ती अध्यक्ष आणि सचिवांच्या संयुक्त सहीनंच काढायची, आणि मजुरी ज्याच्या त्याच्या बँक खात्यात द्यायची. रोख वाटू नका, कितीही ओळखीची माणसं असोत. जाळरेषेचे फोटो कामाआधी, काम चालू असताना आणि काम झाल्यावर, एकाच जागेवरून आणि जीपीएस दिसेल असे काढा. मोजमाप पुस्तिकेत नोंद होताना समितीचे दोन सदस्य उभे असू द्या. खर्चाचा कागद पारावर लावा. आमच्याकडं तो लावला तेव्हा एका आजीनं बोट ठेवून विचारलं, ‘माझ्या नातवाचे तीन दिवस कुठं गेले?’ तीन दिवस खरंच लिहायचे राहिले होते.

हंगामात राखणदारांच्या पाळ्या सकाळी दहा ते रात्री नऊ अशा लावा, कारण आमच्या वहीतल्या बहुतेक आगी दुपार ते रात्र या वेळेतल्या आहेत. धूर दिसला की आधी वनरक्षकाला आणि १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवायचं, मग माणसं गोळा करायची. उलट क्रमानं केलं तर सगळे वर पोहोचतात आणि ब्लोअर खाली राहतो.

१५ जूननंतर, पहिला पाऊस पडून गेला की, वही, फोटो, मजुरीची यादी आणि न वापरलेल्या साहित्याची नोंद एका फाइलमध्ये लावा. किती किलोमीटर जाळरेषा मंजूर होती, किती झाली, कुठं आग आली आणि कुठं अडली, हे एका पानावर लिहून परिक्षेत्र कार्यालयात द्या. आमच्या शेवटच्या फाइलमध्ये त्या पानाखाली वनरक्षकाच्या अक्षरात एक ओळ आहे: ‘घाटरस्त्याची डावी बाजू पुढील वर्षी १.२ किमी वाढवावी.’ ऑक्टोबरच्या ग्रामसभेचा पहिला विषय आम्ही तिथूनच घेतला.